पुलाकडचं एक घर कमी

१

गावातून एक आख्खं घर चोरीला गेलं. दार, खिडकी, छप्पर, सगळ्यासकट गेलं आणि भोवतालच्या कुंपणाची काडीसुद्धा हलली नाही.

आता, घर काडेपेटीएवढं होतं हे खरं. पण या गावाला स्वतःचा अभिमान कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालेलं. तिथे काडेपेटीएवढं घर जाणं म्हणजेही नाक कापलं जाणंच. महानगराला खेटून वसलेलं हे गाव. बाहेरचा कोणी म्हणाला, "म्हणजे शहराच्या अलीकडे ते?" की इथला माणूस शांतपणे सांगणार, "नाही, शहर आमच्या पलीकडे लागतं." शहराने दोनदा गाव गिळायला पाहिलं होतं. दोन्ही वेळा ते घशात काट्यासारखं अडकलं आणि आपली स्वतंत्र नगरपालिका शाबूत ठेवून बाहेर पडलं.

त्या नगरपालिकेला शंभर वर्षं पूर्ण होत होती. उद्या संध्याकाळी समारंभ. नगरसभागृहाच्या मधोमध टेबलं जोडून त्यांवर गावाची जुनी प्रतिकृती मांडलेली. पन्नासाव्या वर्षी शाळेच्या सुतारमास्तरांनी ती गावाकडून करून घेतली होती, आणि त्यांचा नियम एकच होता: ज्याचं घर त्यानेच करायचं, आणि तेही त्याच घराच्या लाकडातून. कोणी फुटक्या फळीतून केलं, कोणी खिडकीच्या पट्टीतून, कोणी आजीच्या पाटाच्या पायातून. त्यामुळे गावकरी तिला प्रतिकृती म्हणतच नसत. 'धाकटं गाव' म्हणत. उद्या त्यावर काचेची पेटी बसणार होती, म्हणजे पुढे कोणाचा हात लागायला नको.

सकाळी सभागृहात पहिलं पाऊल पडलं ते चौकशीताईचं. ताई जन्मभर विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करत होती. जळालेली दुकानं आणि 'चोरीला गेलेले' दागिने पाहता पाहता तिच्या नाकाला खोट्याचा वास लांबून कळायला लागला होता. निवृत्तीनंतर गावाने तिला हे नाव बहाल केलं. पुढ्यात म्हणायचे ते आदराने, मागे म्हणायचे ते धाकाने.

आज मात्र ती चौकशीला आली नव्हती. भिंतीवर नवी दगडी पाटी बसवली होती, पडद्याआड. तिच्यावर ताईच्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं: या गावात पाणी आणणारे नगराध्यक्ष. उद्या पडद्याची दोरी तिने ओढायची होती, म्हणून ती एकदा ओढून बघायला आली होती. बाबा असेतोवर त्यांनी ना रस्त्याला नाव लावू दिलं, ना बागेला. कोणी पाण्याबद्दल हार घालायला आलं की म्हणायचे, "मी नाही हो, गावाने आणलं." लोक म्हणायचे, काय हा विनय! ताईला तो विनय लहानपणापासून खुपायचा. बाबांचं नाव एकदा दगडावर बघायचं, मग डोळे मिटले तरी चालतील, असं ती धाकट्या भावाला कितीदा म्हणाली होती.

दोरीला हात घालणार तेवढ्यात तिचं लक्ष धाकट्या गावाकडे गेलं. टेबलावरचा दिवा चालू राहिला होता आणि त्याचा झोत नेमका पुलाजवळच्या एका कोपऱ्यावर पडला होता. तिथे कुंपण होतं, कुंपणाला फाटक होतं, फाटकापासून आत जाणारी पाऊलवाट होती. आणि ती वाट जिथे संपत होती तिथे काहीच नव्हतं. फक्त एक फिकट चौकोन.

"तात्या," तिने सभागृहाच्या राखणदाराला हाक मारली, "इथे काय होतं हो?"

तात्यांनी चष्मा पुसला, छताकडे पाहिलं आणि क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "मुतारी असेल."

मुतारीला कुंपण आणि फाटक? ताईच्या नाकाला पहिला वास तिथेच आला.

२

बातमी अर्ध्या तासात गावभर झाली. आदल्या संध्याकाळनंतर सभागृहात चौघंच आले होते: किल्ली सांभाळणारे तात्या, प्रतिकृती साफ करायला शहरातून आलेली चित्रकार मुलगी, काचेची पेटी भेट देणारा बिल्डर, माप पडताळायला, आणि पडदा नीट सरकतो का ते बघायला ताईचा धाकटा भाऊ, समारंभ समितीचा कार्यवाह.

चित्रकार मुलगी रडवेली झाली होती. "माझ्यावरच येणार ना हे?"

"अजून कोणावर काही आलेलं नाही," ताई म्हणाली. "आधी मला ते घर कसं होतं ते सांग. तू हाताळलंयस."

"खरं सांगू? सगळ्या गावात ते सगळ्यात वाईट होतं." मुलीने नाक पुसलं. "बाकीची घरं काय सुबक आहेत! हे तुमचं बघा, खिडक्यांना गजसुद्धा आहेत. आणि ते म्हणजे... एका खोलीचं. खिडकी तिरकी, दार चौकटीपेक्षा मोठं. ज्याने केलं त्याने त्याआधी हातात करवत धरली नसणार. हिरवा रंग होता, पोपडे आलेला. मी तसाच ठेवला."

"आणखी काही?"

"कुंपणाच्या आत हे तांबडं चाक. आहे अजून." तिने बोट दाखवलं. घड्याळातलं असावं असं एक बारीक दातेरी चाक, तांबडं रंगवून जमिनीवर आडवं चिकटवलेलं. "मला वाटलं, कारंजं असेल."

ताईने भिंग मागून घेतलं. फिकट चौकोनाच्या कडेला लाकूड उखडलेलं नव्हतं, कुठे ओरखडा नव्हता.

"तोडलेलं नाही," मुलगी म्हणाली. "सोडवलंय. जुना सरस आहे हा. गरम ओलं फडकं धरून बसलं की हळूहळू सुटतो. पण घाईच्या माणसाचं काम नाही ते."

"आणि हा दिवा? तू असा ठेवून गेलीस?"

"मी? नाही हो. मी शाळेच्या बाजूला काम करत होते, तोंड तिकडे होतं. आणि मी विझवून गेले."

तेवढ्यात धाकटा आला. मोबाईल एका कानाला, दुसऱ्या कानात मांडववाल्याचा आरडाओरडा. सगळं ऐकून त्याने कपाळावर हात मारला. "ताई, उद्या शहराच्या पाणीखात्याचे प्रमुख येताहेत पाहुणे म्हणून. बाबांच्या पाटीसाठी मुद्दाम त्यांना बोलावलंय. आणि तू एका खोपटासाठी पंचनामा काय करत बसलीस?" शेजारीच मुलीचा खोका उघडा पडला होता. त्यात स्पंजची हिरवी झाडं होती, ठिकठिकाणी लावून उरलेली. त्यातलं एक उचलून त्याने त्या चौकोनावर टेकवलं. "हे घे. झालं. आता सांग कोणाच्या बापाला कळणार आहे!"

खरंच कळत नव्हतं. कुंपण, फाटक, आत एक झाड. बाग म्हणून खपून गेलं असतं.

ताईने झाड उचलून परत खोक्यात टाकलं. भावाकडे मात्र तिने असं पाहिलं, जणू त्याने नकळत तिच्या हातात काहीतरी ठेवलं होतं.

३

बिल्डरच्या कार्यालयात अत्तराचा आणि नव्या रंगाचा वास एकमेकांशी भांडत होता. भिंतीवर नकाशा. पुलाजवळच्या मोकळ्या जागेवर दुकानांची रांग रंगवलेली.

"म्हणजे नेमक्या त्याच कोपऱ्यावर," ताई म्हणाली.

बिल्डर हसला. "ताई, तुम्ही येणार हे मला माहीत होतं. उद्या कोणी म्हणालं की तिथे पूर्वी अमुक होतं, तमुक होतं, तर माझं काम अडतं. म्हणजे संशय माझ्यावर. बरोबर?"

"अगदी बरोबर."

"मग एक सांगा. मी लोकांच्या जागा रिकाम्या करून देतो, हा माझा धंदा. पण आजवर जागा रिकामी करून त्यावर दिवा लावून ठेवलाय का मी कधी?"

ताईला हसू आलं. माणूस लबाड होता, पण लबाडाचं म्हणणं खोटंच असतं असं नाही, हे तिला नोकरीत कळलं होतं.

मग तिने जे तिला येत होतं ते केलं. दारोदार फिरून विचारलं: पुलापलीकडे, डाव्या हाताला, काय होतं?

तिच्या बरोबरीचे आणि तिच्याहून धाकटे, सगळे डोकं खाजवायचे. "आठवत नाही बुवा. पुलाकडे जायलाच देत नव्हते आपल्याला." हे ताईलाही आठवत होतं. तिच्या लहानपणी 'पुलाकडे जायचं नाही' हा सगळ्या घरांतला कायदा होता. खोल पाणी म्हणून असेल, असं मुलं समजायची. पण पुलाखालचा ओढा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत असायचा.

आणि पंचाहत्तरी ओलांडलेले जे काही मोजके उरले होते, त्यांची तऱ्हा उलटीच. त्यांना डोकं खाजवावं लागतच नव्हतं.

"दूधकेंद्र," निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले.

"धोब्याचं दुकान होतं गं," शिवणवाल्या आजी म्हणाल्या, आणि सुईत दोरा ओवायला लागल्या. दोरा आधीच ओवलेला होता.

"जकात नाका," बँडमास्तर म्हणाले.

"काही नाही, एका वेड्याची झोपडी," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि लगेच तिच्या रक्तदाबाची विचारपूस करायला लागल्या.

एरवी गावातली ही मंडळी वाण्याच्या मांजराला पिल्लं किती झाली यावरसुद्धा एकमेकांची साक्ष काढायची. आज प्रत्येकाचं उत्तर वेगळं, प्रत्येकाचं तयार, आणि प्रत्येकाची नजर दुसरीकडे.

नोकरीत ताईने खोटं बोलणारे खंडीभर पाहिले होते. ते एकच गोष्ट घोकून यायचे, सगळ्यांच्या तोंडी तीच वाक्यं, आणि म्हणूनच सापडायचे. इथे कोणी काहीच घोकलेलं नव्हतं. तरीही ही सगळी माणसं एकाच गुरूकडे शिकल्यासारखी खोटं बोलत होती.

कोणी शिकवलं होतं यांना? आणि का?

४

दुपारी ती सभागृहात परतली. समितीची बैठक नुकतीच उठली होती. ठराव झाला होता: उद्या सकाळपर्यंत घर सापडलं नाही तर तात्यांनी किल्ल्या परत करायच्या. तात्या आपल्या कोपऱ्यात स्टुलावर बसून विजेच्या किटलीत चहा करत होते. चेहऱ्यावर ना राग, ना भीती.

"तुम्हाला काही वाटत नाही का हो?" ताई चिडली. "इतकी वर्षं राखण केलीत आणि शेवटी चोर ठरायचं?"

तात्यांनी दोन कप भरले. "माझ्या राखणीत इथून काडीसुद्धा बाहेर गेलेली नाही," ते म्हणाले. "काल नाही, आज नाही."

"पण घर तर..."

"काडीसुद्धा," तात्या पुन्हा म्हणाले आणि बशीत चहा ओतून फुंकायला लागले.

ताई धाकट्या गावासमोर खुर्ची ओढून बसली. समोर तिचं स्वतःचं घर होतं, सुतारमास्तरांनी केलेलं. नियमाप्रमाणे ते बाबांनी करायचं. घरातली जुनी दाराची फळी घेऊन ते रोज संध्याकाळी शाळेच्या कारखान्यात जायचेही. बाबांना साधा खिळा ठोकता यायचा नाही. महिनाभर त्यांच्या अंगठ्याला पट्टी होती आणि आई हसून हसून बेजार झाली होती. शेवटी घर आलं ते एवढं देखणं, की आई म्हणाली, "हे मास्तरांच्या हातचं आहे. तुम्ही तिथे महिनाभर काय केलंत मग?" बाबा म्हणाले होते, "अंगठा ठेचत होतो."

त्या आठवणीला चिकटून दुसरी आली. तिच्याहून जुनी, पाण्याच्या पहिल्या उन्हाळ्यातली. विहिरींना तळ लागला होता. शहराकडे जाणारा मोठा नळ गावाच्या पोटातून, पुलाखालून जायचा, आणि गावाला त्यातला थेंब मिळायचा नाही. रोज त्या नळावर कान ठेवून मुलं आतल्या पाण्याचा आवाज ऐकायची. मग कसं कोण जाणे, हौदाला पाणी यायला लागलं. शहरातून टोपीवाले साहेब येऊन दारोदार काहीबाही विचारून गेले. आणि त्यानंतर एका सकाळी साऱ्या रस्त्यावर, घरोघर, पायऱ्यांवर भांडी दिसली. घागरी, बादल्या, पातेली, काठोकाठ भरलेली. तिने विचारलं होतं, "आई, टँकर यायचाय?" आईने तिला आत ओढून दार लावून घेतलं होतं. खिडकीच्या फटीतून तिला एक माणूस दिसला होता, खांद्यावर ट्रंक, मागे बायको. दोघं रस्त्याने चालले होते. एकही दार उघडलं नाही.

ताई खुर्चीतच ताठ झाली.

टँकर यायचा असेल तर भांडी रिकामी ठेवतात. ती भरलेली होती.

तिने पुन्हा एकदा समोर पाहिलं. आणि या वेळी तिला दिसलं, की तिच्या स्वतःच्या छोट्या घराचं छप्पर एका बाजूने जरासं उचललेलं आहे.

५

"तात्या," ती म्हणाली, "दार लोटून घ्या आणि इथे बसा. मी बोलते. कुठे चुकले तर खाकरा."

तात्या येऊन बसले.

"ज्याला हे घर नाहीसं व्हायला हवं होतं, त्याला ते लपवायचं असणार. हाताशी झाडांचा खोका होता. एक झाड ठेवलं की काम फत्ते, माझ्या भावाला ते उभ्याउभ्या सुचलं. बिल्डरलाही सुचलं असतं. त्यांच्यापैकी चोर असता तर मला आज काहीच दिसलं नसतं. त्या पोरीला घर हवं असतं तर ती दिवा कशाला वळवून ठेवेल? या चोराने चोरी लपवली नाही. जागा पुसून ठेवली, वर दिवा लावला. त्याला घर नको होतं. कोणीतरी 'इथे काय होतं' असं विचारावं, एवढंच त्याला हवं होतं."

तात्या खाकरले नाहीत.

"सरस गरम फडक्याने सोडवला. किटली तुमची. घाई नसलेला माणूस तुम्ही. आणि इथून काडी बाहेर गेलेली नाही हेही खरं, कारण तुम्ही खोटं बोलत नाही. मुतारीचं सोडून."

तिने हात पुढे केला, आपल्या घराचं छप्पर अलगद उचललं. आत, घरातल्या घरात, एका खोलीचं वेडंवाकडं घर बसवलेलं होतं. तिने ते बाहेर काढलं. त्याचा पोपडे आलेला हिरवा आणि तिच्या घराच्या दाराचा हिरवा एकच होता. दोन्ही घरं एकाच फळीतून निघाली होती. तिरकी खिडकी. चौकटीपेक्षा मोठं दार.

खिळा ठोकता न येणारा, सगळ्या गावावर हुकमत चालवणारा तिचा बाप, महिनाभर अंगठा ठेचून घेत हे करत बसला होता.

"चौकी आहे ना ही?" ती हळूच म्हणाली. "आणि तांबडं चाक म्हणजे कारंजं नाही. नळाची चावी. शहराचा नळ सांभाळायला शहराने ठेवलेला चावीवाला इथे राहायचा. शहराचं मीठ खाणारा. त्या उन्हाळ्यात त्याने गावाची पोरं तहानलेली पाहिली आणि चावी फिरवली. म्हणून मुलांनी पुलाकडे जायचं नाही. मुलांच्या पोटात गोष्ट राहत नाही. मग साहेब चौकशीला आले, पाणी कोणी सोडलं म्हणून. बाबांनी सगळ्यांना शपथ घातली. तोंड उघडायचं नाही. आणि विचारलंच तर प्रत्येकाने वेगळं सांगायचं. एकच खोटं पकडलं जातं, शंभर खोट्यांचा कोण माग काढणार! तो वाचला, तुरुंग टळला, पण बदली झाली. आणि त्याला निरोप देता येईना. हार घातला असता तर तोच पुरावा झाला असता."

तात्यांचे डोळे भरून आले होते.

"म्हणून भांडी ठेवलीत. भरून. तो जाणार त्या रस्त्यावर."

कोणी खाकरलं नाही. बाहेर मांडववाले बांबू ठोकत होते.

"शहराला पुढे झुकावं लागलं, बाबांनी रीतसर जोडणी मिळवली, पाण्याचं नाव बाबांना चिकटलं. आणि तुम्ही सगळे इतके पक्के निघालात, की पुढच्या पिढीला तुम्ही काही सांगितलंच नाही. आम्हाला गुपितच माहीत नाही, तर राखणार काय? बाबांना ते कळलं असावं. म्हणून ही चौकी इथे आली."

मग तात्या बोलले. "तोंड उघडणार नाही अशी शपथ घेतली होती, पोरी. हाताबद्दल कोणी काही बोललं नव्हतं." त्यांनी चष्मा काढला. "उद्या काच बसणार. पाटी उघडणार. आम्ही उरलो आहोत मूठभर. म्हटलं, कोणी विचारलं तर शोधणार कोण, ते मला ठाऊक आहे. तिला तिच्या घरातच सापडू दे."

ताईने पडद्याकडे पाहिलं. जन्मभर जे नाव दगडावर बघायचं होतं, ते दोन हातांवर होतं.

"तात्या, ही पाटी उघडली तर बाबा खोटे ठरतील," ती म्हणाली. "आणि नाही उघडली तर धाकटा मला उभी चिरेल."

६

धाकट्याने उभी चिरली नाही, पण ओरडला खूप. "पत्रिका छापल्या! पाहुणे येणार! आणि तू आपल्याच बापाचं नाव पुसायला निघालीस? लोक काय म्हणतील?"

ताईने चौकी त्याच्या हातात ठेवली. त्याने उलटसुलट करून पाहिली. तिरकी खिडकी पाहिली, बोटाने हिरवे पोपडे चाचपले. दाराच्या कडेला लाकडात मुरलेला एक काळसर डाग होता, जुन्या रक्ताचा असावा तसा.

"अंगठा," तो म्हणाला, आणि त्याचा ओरडा कुठल्या कुठे गेला.

"त्यांनी कधी म्हटलं का, मी पाणी आणलं? आठव ना. 'गावाने आणलं' म्हणायचे. आपण त्याला विनय म्हणत बसलो. ते आपले सरळ खरं सांगत होते."

समारंभाला सभागृह ओसंडत होतं. शहराच्या पाणीखात्याचे प्रमुख पहिल्या रांगेत, गळ्यात हार, चेहऱ्यावर शहराने उपनगराकडे बघावं तसं मायेचं हसू. ताई उठली. दोरीला तिने हात लावला नाही.

"आजच्या पाहुण्यांपाशी गावाच्या वतीने एक कबुली द्यायची आहे," ती म्हणाली. "साहेब, आम्ही तुमचं पाणी चोरलं होतं."

सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं. बिल्डरने तेवढ्यात शिंकून घेतलं.

मग तिने सांगितलं. कोरड्या विहिरी, पुलाखालचा नळ, एका माणसाने फिरवलेली चावी, गावाने पाळलेली शपथ. मोजक्या शब्दांत, दाव्याचा अहवाल वाचावा तसं. शेवटी हाताच्या तळव्यावर ती हिरवी चौकी धरली. "ही माझ्या वडिलांनी केली. त्यांचं या गावातलं सगळ्यात वाईट काम. मला त्यांच्या कुठल्याच कामाचा एवढा अभिमान वाटलेला नाही."

पाणीखात्याचे प्रमुख सावरून बसले. माणूस मोठा होता, पदानेच नव्हे. मिश्कीलपणे त्यांनी विचारलं, "म्हणजे आमचं रेकॉर्ड आता पुरं करायला हरकत नाही. मंडळी, पुलापाशी नक्की काय होतं?"

"दूधकेंद्र!" मुख्याध्यापक सवयीने बोलून गेले.

"जकात नाका!" बँडमास्तर.

"धोब्याचं..." शिवणवाल्या आजींनी जीभ चावली. सगळं सभागृह हसलं, आणि हसता हसता गप्प झालं, कारण म्हातारी माणसं हसत नव्हती. ती ताईकडे बघत होती.

ताईला कळलं. "बाबांनी घातलेली शपथ," ती म्हणाली, "त्यांची मुलगी म्हणून मी सोडवते. आता बोला. त्याच्या केसालाही धक्का लागत नाही."

शिवणवाल्या आजी काठी टेकत उभ्या राहिल्या.

"चावीवाल्याची चौकी होती ती," त्या म्हणाल्या. "हिरव्या दाराची. त्याची बायको माझ्याकडे शिवण शिकायला यायची. जाताना मला तिच्या गळ्यात पडता आलं नाही गं."

मग तात्या उठले, डॉक्टरीणबाई उठल्या, बँडमास्तर उठले. जो तो सांगायला लागला. चावीवाला शीळ कशी घालायचा, त्याच्या पायात एक चप्पल नेहमी तुटकी कशी असायची, साहेबांच्या चौकशीच्या दिवशी तो ओट्यावर मुलांसाठी पतंग चिकटवत कसा बसला होता. त्या सगळ्यांच्या गोष्टी एकमेकांशी तंतोतंत जुळत होत्या. पाटीचा पडदा त्या दिवशी कोणी उघडला नाही. पुढे पाथरवटाने तोच दगड उलटा करून मागच्या बाजूला कोरलं: पाणी गावाने आणलं. चावी त्याने फिरवली. चित्रकार मुलीने चौकी सरस लावून जागेवर बसवली, तिरकी होती तशीच. तात्यांकडे किल्ल्या राहिल्या. बिल्डरने पुलाकडच्या नकाशातलं कोपऱ्याचं दुकान मुकाट्याने खोडलं. निदान खोडल्याचं सांगितलं तरी.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ताईने आईची घागर भरली आणि पायरीवर आणून ठेवली. कोणाला सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्या बाईचा खुळेपणा म्हणून हसायला नकोत लोक, असं तिला वाटलं. घागर टेकवून तिने मान वर केली.

सगळा रस्ता भरलेला होता. शिवणवाल्या आजींचं तांब्याचं पातेलं, डॉक्टरीणबाईंची बादली, नव्या इमारतींच्या पायऱ्यांवर पाण्याच्या बाटल्या, शाळेच्या फाटकाशी पिंप, बिल्डरच्या कार्यालयापुढे विकतच्या पाण्याचा निळा जार. रस्त्याने कोणी जाणारं नव्हतं. पण या वेळी दारं लावलेली नव्हती. माणसं बाहेर येऊन आपापल्या भांड्याशेजारी उभी होती.

पलीकडून धाकटा आला, दोन्ही हातांत बादली, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला.

"ताई," त्याने धापा टाकत विचारलं, "काठोकाठ भरायची असते ना?"

"काठोकाठ," ताई म्हणाली, आणि पायरीवर त्याच्यासाठी जागा करून दिली.